डक्टमधली हाक

"काकू, भूत नाय, पत्रा हाय!" डक्टच्या छज्ज्यावर उभा राहून रूपेश ओरडला. "या एसीच्या मशीनचा नट ढिला झालाय. तोच वाजतोय."

"भूत म्हटलंय कोणी?" प्रमिलाबाई आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. "टकटक येते, एवढंच म्हटलं मी."

एसीवाला रूपेश आला होता त्याच खिडकीला कायमची काच बसवायला. रोडपालीतली ही इमारत बांधली तेव्हा मधला डक्ट हवा खेळावी म्हणून ठेवला होता. पुढे उन्हाळा होळीआधीच यायला लागला आणि घरोघरी एसी आले. प्रत्येकाने आपली खोली गार केली आणि गरम हवा डक्टमध्ये सोडली, म्हणजे शेजाऱ्याच्या घरात. मग शेजाऱ्यानेही खिडकी बुजवून एसी घेतला. आता उघडी खिडकी एकच उरली होती, प्रमिलाबाईंची.

"आई, तिथून नुसती भट्टी येते आत. किचनलाही एसी लावू, विषय संपला," असं सांगून मुलगा विश्वजीत सकाळी ऑफिसला गेला होता. मुलांचे विषय फार लवकर संपतात.

समोरची खिडकी रमाची. दुपारची झोप झाली की रमा खिडकीच्या गजांवर पळी दोनदा वाजवायची. टक, टक. म्हणजे चहा टाकलाय, ये. या हाकेवर दोघींचं अख्खं आयुष्य गेलं.

गेल्या वैशाखात रमा वारली. घरात एकटी, एसी नाही, आणि खिडकीला टेकून गरम हवा ओकणारं वरच्या माळ्याचं मशीन. त्या दुपारी टकटक आली होती, पण दोनदा नाही, पुष्कळदा. कांदा चिरता चिरता प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या, "मेलं ते मशीन, डोकं उठवलं नुसतं." संध्याकाळी रमाचं दार फोडावं लागलं. पळी तिच्या हातातच होती.

तेव्हापासून टकटक ऐकली की त्या हातातलं काम टाकून खिडकीशी जात. आणि खिडकी त्यांनी आजवर बंद करू दिली नव्हती. पुन्हा कोणी हाक मारली आणि ऐकूच आली नाही तर?

रूपेशने पान्हा फिरवला. टकटक थांबली.

"झालं! कटकट गेली का नाय?"

रमा आत्ता गेली, असं प्रमिलाबाईंना वाटलं. त्यांनी घाम पुसल्यासारखे डोळे पुसले.

एवढ्यात लाइट गेली. सगळ्यांचे एसी एकदम चालू असले की दुपारी ट्रान्सफॉर्मर मान टाकतोच. डक्टमधली मशिनं एकेक करून थांबली. इतकी शांतता त्या खिडकीत कित्येक वर्षांत आली नव्हती.

टक, टक.

रूपेशने मशीनवर हात ठेवून पाहिला. "काकू, मशीन तर बंद हाय," तो हळूच म्हणाला. "मी बी नाय वाजवलं."

टक, टक, टक. वरून की खालून, कळेना. डक्टमध्ये आवाजाला पत्ता नसतो.

"तू आत ये आधी. आणि ती काच राहू दे," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला, फडताळातली पळी घेतली आणि चपला न घालताच बाहेर पडल्या.

लाइट नाही म्हणजे बेलही नाही. त्या प्रत्येक दारावर पळीनेच ठोकत गेल्या. दारं किलकिली होत, आतली उरलीसुरली गार हवा त्यांच्या पायांवर येई.

"काय झालं, आजी?"

"हाक मारलीत का कोणी?"

"नाही हो."

"बरे आहात ना सगळे?"

सगळे बरे होते. दोन्ही विंगमधले, सगळ्या माळ्यांवरचे. कोणीच काही वाजवलं नव्हतं. मागून रूपेश धापा टाकत आला आणि म्हणाला, "चला काकू, तुमाला चक्कर येल."

"एक राहिलं," त्या म्हणाल्या.

रमाच्या फोडलेल्या दाराच्या जागी नवं दार होतं, त्याला कुलूप. प्रमिलाबाईंनी पळी दोनदा वाजवली.

"आले गं," त्या म्हणाल्या, आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवून तिथेच बसल्या.