धीर आल्याचा दाखला

चन्नाप्पाच्या म्हशीनं शेवटी चरवीभर दूध दिलं. चुकून आधीच सांगितलं, आता विसरा. असं काय झालेलंच न्हाय.

आमच्या शेजारच्या या चन्नाप्पाला वाट बघणं म्हणजे अंगावर मुंग्या. वडगावला जाताना एसटी फाट्यावर जरा थांबली, तर हा उतरून चालत सुटला. एसटी पुढं गेली. हा दुपारी पोचला.

परवा भाकरी फुगायच्या आतच तव्यावरनं उचलली, हात भाजला, आणि ताट भिरकावलं. ते रत्नव्वाच्या कानाजवळनं गेलं. बाईनं पदराला हात पुसले आणि कबनूरला भावाकडं निघाली. दारातनं एवढंच म्हणाली,

"म्हशीला घाई चालत न्हाय. तिच्यापाशी धीर धरलासा, तरच मला फोन करा."

रेडकू मेल्यापासनं म्हस रत्नव्वाच्याच हाताला पान्हा सोडायची. चन्नाप्पा बसला की दूध वर ओढायची. दुसऱ्या दिवशी कास दगडागत झाली. जनावराच्या डाक्टरनं हात लावून बघितलं. "आज दूध उतरलं न्हाय, तर सडं कायमची गेली."

"सोड की गं! सोड!" चन्नाप्पा वरडला. म्हशीनं लाथ सोडली. चन्नाप्पा शेणातच बसून रडायला लागला. ते बी घाईघाईनं.

कुडावरनं पलीकडच्या घरचा तवनाप्पा बोलला, "रत्नव्वाची साडी नेस. म्हशीला वास कळतोय."

"मी?"

"न्हाय, मी नेसतो! म्हस तुझी, बायको तुझी, साडी मी नेसू व्हय?"

नेसला. जांभळी, रोजची. मिशीसकट.

"वयनी, पदर घ्या की डोक्यावर!"

एरवी तवनाप्पाच्या टाळक्यात चरवी बसली असती. चन्नाप्पानं पदर घेतला, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि गप बसला. डेअरी उघडली, बंद झाली. ऊन गोठ्यात आलं. गल्ली बघून गेली, चहा पिऊन परत बघायला आली. पाय बधिर झाले तरी हा हलला न्हाय. म्हशीनं पदर हुंगला, एक सुस्कारा सोडला, आणि धार चरवीत वाजली.

साडीतच त्यानं फोन लावला. "रत्ना, उतरलं गं! धीर आला मला! लगेच ये!"

"लगेच?"

"व्हय, आत्ताच्या आत्ता!"

तिकडनं रत्नव्वानं सुनावलं,

"मी लगीन झाल्यापासनं थांबलीया. आता तुमी थांबा. आनी धीर आला म्हणं, कोण म्हणतंय?"

फोन कट. चन्नाप्पा निऱ्या धरून तसाच ग्रामपंचायतीत पळाला. अर्ज मीच लिहून दिला, तो सांगेल तसा:

"विषय : धीर आल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदय, अर्जदारास आज सकाळपासून धीर आलेला असून म्हैस साक्षीदार आहे. तरी सदर दाखला पत्नीस दाखविणेकामी तात्काळ मिळावा. अर्जदारास थांबणे शक्य नाही, ही नम्र विनंती."