एक टोला, दोन टोले

जिरं कढईत टाकलं आणि मान मागे वळवून मी थांबलो. बाहेरच्या खोलीतून काही आवाज आला नाही. म्हणजे आच बरोबर होती. मग मी धणे टाकले.

मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून लेक बोलत होती.

"बाबा, ऐकताय ना? बारापर्यंत पोचते मी. फॉर्म आणलाय सोबत. आल्या आल्या भांडू नका."

"मी कशाला भांडू? जेवायला ये. आधी जेव, मग काय ते ठरव."

"तुम्हाला झेपत नाही हो आता."

"कोण म्हणतं? आठ दिवसांत तुझ्या आईने एकदाही टोकलं नाही मला. एकदाही. विचार तिला."

विचारून उत्तर मिळणार नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. लेकीने फोन ठेवला.

फॉर्म होता गावाबाहेरच्या एका संस्थेचा. तिथे माझ्या बायकोसारख्या अंथरुणावरच्या माणसांना ठेवून घेतात, नर्स असते, रविवारी भेटायला जाता येतं. मला ते नको होतं. घरातलं एक जेवण नीट झालेलं लेकीने डोळ्यांनी बघितलं की फॉर्म पर्समधून बाहेरच येणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

स्वयंपाक मला पासष्टीपर्यंत येत नव्हता. रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी रंग घोटला. त्यात माझं नाक गेलं, कसलाच वास येईनासा झाला. कारखान्याने नाक ठेवून घेतलं आणि निवृत्तीच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेही मागे पडतं. फोरमन व्हायचं राहूनच गेलं, म्हणून बायको मला घरात फोरमन म्हणायची. "अहो फोरमन, जरा उठा, दार वाजतंय."

ती स्वतः दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होती, दोनशे माणसांचं जेवण तिच्या हाताखालून जायचं. तिचं नाक असं की पलीकडच्या इमारतीत दूध लागलं तरी हिला इथे कळायचं. एकदा मदतनीस बाईने जिरं करपवलं, तर हिने अख्खं पातेलं मोरीत ओतलं. दोनशे माणसं तासभर उपाशी बसली. वरून लेखी ताकीद आली. ती हिने घडी करून चुलीखाली सारली आणि म्हणाली, "आजारी माणसाला कडू घास मी घालणार नाही. नोकरी काढून घ्या."

दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डावा हात राहिला आणि नाक राहिलं. तिची खाट मी स्वयंपाकघराच्या दाराच्या रेषेत आणली आणि तिच्या हातात एक स्टीलचा चमचा दिला. खाटेचा दांडा लोखंडी आहे. एक टोला म्हणजे आच कमी करा. दोन टोले म्हणजे पाणी घाला. भराभर चार-पाच मारले तर ती काय म्हणते आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. अशा रीतीने म्हातारपणी माझी उमेदवारी सुरू झाली. पहिले तीन महिने त्या दांड्याने आमच्या शेजाऱ्यांचीही झोपमोड केली.

मग हळूहळू टोले कमी झाले. दिवसाला दहा, मग चार, मग एक. गेल्या आठवड्यात एकही नाही. शेजाऱ्याला मी म्हणालोसुद्धा, "हात बसला आता माझा."

आज मी तिच्या आवडीचं करत होतो. गव्हाची भरड, त्यात गाजर, घेवडा, लाल भोपळा, आणि जिरं, धणे, मिरी, दालचिनी भाजून कुटलेला मसाला. एका वाडग्यात सगळं, म्हणजे तिला डाव्या हाताने खाता येतं. भोपळा चिरता चिरता मी दोनदा दाराकडे बघितलं. चमचा तिच्या मुठीत होता. ती माझ्याकडेच बघत होती. मी मान हलवली. मसाला थोडा काळपट दिसला, पण मिरी होती त्यात, मिरी काळीच.

बारा वाजता लेक आली. दारातच थांबली, मग आत येऊन आधी खिडकी उघडली. आईजवळ बसली, तिचे केस मागे सारले. मी तीन वाडगे भरले.

लेकीने एक घास घेतला. चावला. पाणी प्यायली.

"बाबा, करपलंय हो हे. नुसतं कडू लागतंय."

"काहीतरीच. आईने टोला नाही मारला."

"तुम्ही खाऊन बघा."

माझी जीभही नाकाबरोबर गेलेली, मी काय खाऊन बघणार? मी बायकोकडे बघितलं. ती खात होती. एकामागून एक घास, संथपणे, वाडग्याच्या कडेचं पुसून घेत. शेवटचा दाणाही तिने उचलला. मग रिकाम्या वाडग्यात चमचा फिरवत राहिली, मी तो हातातून घेईपर्यंत.

"आईने खाल्लं हे?" लेक हळू आवाजात म्हणाली. "बाबा, ही आई आहे?"

"आठ दिवस सगळं खातेय," मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

मी वाडगा पुसला, चमचा परत तिच्या मुठीत ठेवला आणि आत गेलो. रिकामी कढई गॅसवर ठेवली, आच पूर्ण केली आणि मूठभर जिरं टाकलं. ते तडतडलं, मग तडतडायचं थांबलं. धूर मला दिसत होता, वास येत नव्हता. बाहेर लेकीला खोकला आला.

"बाबा, काय करताय? बंद करा ते."

"थांब जरा."

मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो. एक टोला, एवढंच. शिवी दिली असती तरी चाललं असतं. धुराने डोळ्यांत पाणी आलं. कढईच्या बुडाशी सगळं काळं झालं. शेवटी मीच गॅस बंद केला.

बाहेर आलो. ती खिडकीकडे बघत होती. चमचा मी जसा ठेवला होता तसाच मुठीत होता.

लेकीने फॉर्म पर्समधून काढला नाही. मीच म्हणालो, "दे. सही कुठे करायची?"

सोमवारी गाडी आली. पिशवी मी भरली. दोन गाऊन, टॉवेल, पेला, औषधांचा डबा. वर चमचा ठेवला.

"बाबा, तिथे असतात चमचे."

"असू दे."

दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. मागून मी पिशवी घेऊन उतरलो. चमचा पेल्यावर आपटत होता, दर पायरीला एकदा. तळमजल्यावर पोचेपर्यंत मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली नाही.