फीत बांधलेला आवाज

मी एक आवाज आहे. टॉर्चएवढा, बॅटरीवर चालणारा. आजारपणात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, त्यांनी मला गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. शब्द उमटतात. सूर घोगरा, एका पट्टीतला. मी काही गवई नाही. पण कळतं सगळं.

कारखान्यात मला जोडणारी बाई म्हणाली होती, "जा, कुणाचं तरी भलं कर." मीही खुळा, खरं मानून बसलो!

एका सेवाभावी संस्थेनं मला विकत घेतलं आणि आजवर चार वेळा दान केलं. हो, चार वेळा. दर वेळी फीत नवी, माणूस नवा, फोटो नवा. कार्यक्रम संपला की मी पुन्हा त्याच कपाटात.

चौथे होते एक निवृत्त बस कंडक्टर. उभा जन्म "पुढे सरका" ओरडण्यात गेलेला. लेक परगावी नोकरीला. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि काका फोनवर नखानं टिचक्या मारायचे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. लेक बिचारी प्रश्नच तसे शोधून काढायची.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा मला कपाटातून मागून न्यायच्या. सचिवांची ताकीद होती, "फक्त आभाराचं वाक्य बसवून घ्या." सहा आठवडे काका तेच घोकत होते. शेवटची पाच मिनिटं मात्र मॅडम खिडकीबाहेर बघत बसायच्या आणि काका स्वतःचं वाक्य घोटायचे.

कार्यक्रमात अध्यक्षांनी मला काकांच्या हातात ठेवलं. फोटो झाला. काकांनी आभार मानले, टाळ्या पडल्या. काकूंनी लेकीला फोन लावून ठेवलाच होता. काका वळले आणि म्हणाले, "बबडे, जेवलीस का गं?"

पलीकडून हुंदका. "बाबा, परत बोला. काहीही बोला!"

तेवढ्यात सचिवांनी मला काढून घेतलं. "काका, हे नमुन्याचं. तुमचं नवं येतंय. सोमवारी फोन करून विचारत जा."

"मी करते फोन," काकू म्हणाल्या.

"छे छे, दुसऱ्यांच्या नावावर लोक यंत्रं लाटतात. लाभार्थ्यानं स्वतःच बोलायचं, असा नियम आहे."

काकांचे ओठ हलत होते. मी खोक्यात होतो. त्या नियमाची मला आजही शिसारी येते.

आता दर सोमवारी कार्यालयातला फोन वाजतो. कारकुनाचे हात फीत कापण्यात गुंतलेले, म्हणून तो स्पीकरवर घेतो.

"हॅलो, कोण बोलतंय?"

काहीच नाही.

"अहो, कुणी आहे का तिकडे?"

टक. एकच टिचकी.

"काय वात्रट लोक आहेत! फोन करायचा आणि बोलायचं नाही." कारकून फोन बंद करतो आणि माझ्यावर पाचवी फीत आवळतो.

ठेवू नका हो फोन, काका आहेत ते! केवढ्यानं ओरडावंसं वाटतं मला. पण ओरडायला मला कुणाचा तरी गळा लागतो.