दिव्याच्या वायरवर गीझर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. लाल, तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची. या धंद्यातले लोक मला नुसतं 'दीडची' म्हणतात. माझी हकीकत सांगते, पण मी गोड बोलेन अशी आशा धरू नका. ज्या घरात मी राहिले त्या घराने मला भिंतीच्या आतल्या आत जाळलं आहे.

कारखान्यात तांब्याच्या सळीतून मला खेचून खेचून बारीक केलं आणि अंगावर प्लास्टिकचा कोट चढवला. मग परीक्षा झाल्या. पाण्यात बुडवून जोराची वीज सोडली, कुठे गळते का ते बघायला. ज्योतीवर धरलं, ज्योत बाजूला होताच मी विझले, म्हणून पास झाले. तेव्हा कुठे मानकाचा शिक्का मिळाला.

मला विकत घेतलं एका बसड्रायव्हरने. तो दोन मजली घर बांधत होता. वायरिंगला त्याने जी बाई लावली तिला सगळे टेस्टरबाई म्हणत, कारण वरच्या खिशात टेस्टर नसेल तर ती पाणीसुद्धा प्यायची नाही. बाई कडक होती. दिवे आणि पंख्यांना मी, खोल्यांतल्या सॉकेटांना माझी अडीचची बहीण आणि गीझरला सगळ्यांत जाड चारची. अंगणातल्या पंपासाठी दुहेरी कोटाची केबल, ऊन-पाणी सोसणारी. प्रत्येक नळीत आमच्या सोबतीला अर्थिंगची हिरवी वायर.

"बाई, एकच जाडी सगळीकडे टाकली तर?" ड्रायव्हरने विचारलं.

"मग बस पण सायकलच्या चाकांवर चालवा ना!" बाई म्हणाली.

तो खो खो हसला आणि बाई सांगेल तसं करत गेला. बोर्डावर माझ्यासाठी दहा अँपिअरचा ट्रिप स्विच बसला. भार वाढला की तो पडायचा आणि मी वाचायचे. शिवाय सगळ्या घरावर एक गळतीचा स्विच होता. वीज भलत्या वाटेने, म्हणजे कुणाच्या अंगातून जायला लागली, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करायचा. वीस वर्षं मी दिवे लावले, पंखे फिरवले. माझी आठवण कुणालाच आली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आठवण येत नाही याचाच अर्थ काम नीट चाललंय.

मग ड्रायव्हर वारला आणि त्याच्या दोन मुलांनी घर वाटून घेतलं. खालचा मजला थोरल्याला. तो शिंपी होता, पुढच्या खोलीत मशीन टाकून बसायचा, आणि बायको त्याला काजं-बटणं करून द्यायची. वरचा मजला धाकट्याला. तो भांड्यांच्या दुकानात कामाला होता. भांडण कशावरून सुरू झालं ते त्यांनाही आठवत नसेल, पण तोंडं बंद झाली ती झालीच.

बोर्ड राहिला खाली. एके दिवशी थोरल्याने पक्कड घेतली आणि वर जाणाऱ्या अडीचच्या, चारच्या आणि हिरव्या वायरी कचाकच कापल्या. बिचारीला कशाला कापलंस, हिरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात! पण रागाला रंग दिसत नाहीत.

"वरच्यांना दिवा-पंखा पुरे," तो म्हणाला. "बाकीचे चोचले त्यांनी स्वतःच्या जिवावर करावेत."

"दादाला वाटतंय मी अंघोळीविना राहीन," धाकटा बायकोला म्हणाला. "दिव्याच्या वायरवर गीझर चालवून दाखवतो."

आणि त्याने चालवला! गीझर, इस्त्री, वर विजेची शेगडी, सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर. दहाचा स्विच पडायचा, थोरला खालून हसायचा. तिसऱ्या दिवशी धाकटा तरातरा खाली आला, मेन बंद केला आणि भाऊ अंगावर ओरडत असतानाच दहाचा स्विच उपटून बत्तीसचा बसवला. माझा राखणदार गेला. त्या दिवसापासून मी रोज तापत होते. कोट आधी मऊ झाला, मग कडक, मग त्याला भेगा पडल्या. खालच्या खोलीत करपल्याचा वास यायचा.

"अहो, भिंतीतून वास येतोय," थोरली म्हणाली.

"त्यांचं जळतंय, जळू दे," शिंपी म्हणाला. भिंत दोघांची होती, हे त्याला कोण सांगणार?

पुढे वरचा गीझर आतून खराब झाला. गळतीचा स्विच दर सकाळी पडायला लागला आणि खालची मशीन बंद पडायला लागली. थोरल्याने काय करावं? कारण शोधावं? त्याने तो स्विचच बाजूला काढला आणि वायरी सरळ जोडून टाकल्या. मित्रांनो, दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण घराच्या राखणीची एकेक कडी मात्र दोघांनी मिळून काढली.

दोन दिवसांनी, सकाळी, वरच्या न्हाणीघरातलं पाणी खालच्या कापडांवर ठिबकलं. थोरली तणतणत वर गेली.

"कुणाच्या लग्नाचे कपडे आहेत ते, कळतं का? नळ बंद करायला हात झिजतात तुझे?"

"वर यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला, जाऊबाई!" धाकटी कडाडली.

थोरलीने तिला बाजूला सारून नळ धरला. ओला हात, ओली फरशी, लोखंडी नळ, आणि त्या नळात खराब गीझरमधून उतरलेली वीज. हिरवी असती तर तिने ती वीज जमिनीत नेली असती. हिरवी नव्हती. मी होते. थोरलीचा हात नळाला चिकटला आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

धाकटी तिला हात लावणार, तेवढ्यात थांबली. तिने कोरडा लाकडी पाट उचलला आणि सगळा जोर लावून जावेच्या मनगटावर हाणला. हात सुटला. "मेन बंद करा, मेन!" ती जिन्यातून किंचाळली.

थोरली वाचली. पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. काजं करणारा हात होता तो.

टेस्टरबाई आली. केस पांढरे झाले होते, खिशात टेस्टर होताच. तिने भिंत फोडून मला बाहेर ओढलं. मी काळीठिक्कर पडले होते, हात लावताच कोटाचे तुकडे गळाले.

"याने वायरी कापल्या," धाकटा म्हणाला.

"याने स्विच बदलला," थोरला म्हणाला.

"दोघांनी मिळून केलंत. आयुष्यात तेवढं एक काम एकीने केलंत," बाई म्हणाली.

"बाई, माझ्यापुरतं अर्थिंग करून द्या. त्याचं तो बघेल," थोरला पुटपुटला.

बाईने पक्कड खाली ठेवली. "अर्थिंगची वाटणी मी करत नाही. घराला एकच, दोन्ही मजल्यांना. पटत नसेल तर मी चालले."

जिन्यात धाकटी उभी होती. "पटतंय," ती म्हणाली. आणि थोरली, हाताला पट्टी बांधलेली, तिच्याही तोंडून तोच शब्द आला. नवऱ्यांना कुणी विचारलंच नाही. मीटर वेगळे झाले, जाडीप्रमाणे नव्या वायरी पडल्या, दोन्ही मजल्यांना गळतीचे स्विच बसले. भाऊ अजूनही बोलत नाहीत. शिंपी आता स्वतःच काजं करतो, आणि ती वाकडी येतात.

मी भंगारात पडले आहे. मला दया नको. तुम्ही भांडाल, माणसंच तुम्ही. खुशाल भांडा. दारं आपटा, वर्षभर अबोला धरा. पण बोर्डाला हात लावू नका. तिथे जाणकारालाच हात घालू द्या. मित्रांनो, आम्हाला तुमच्या बाजू कळत नाहीत. जो ओला हात पुढे येतो, तो आम्ही धरतो.