उजव्या हाताची नखं

चार नखं. उजव्या हाताची. चाळीस वर्षं मेम्फिसमध्ये ब्लूज वाजवते मी, ती या चार नखांवर. धातूच्या नख्या चढवून बघितल्या, नाही जमल्या. नख गेलं की माझी गिटार मुकीच.

आणि फ्रूमाबाई कात्री घेऊन उभी!

पाच वर्षं ज्यू व्हायला शिकत होते. शुक्रवार रात्रीपासून ज्यूंचा विसाव्याचा दिवस, म्हणून तेव्हाचे कार्यक्रम सोडले, तेव्हा ड्रमवाला म्हणाला, "व्हर्डेल, म्हातारपणी हे काय खूळ?" त्याला म्हटलं, खूळ तर खूळ. त्या मंगळवारी शेवटची गोष्ट उरली होती, मिकवाच्या, म्हणजे शुद्धीच्या हौदात तीन बुड्या; फ्रूमाबाई तिथली देखरेखीची बाई. बुधवारी सकाळी रेकॉर्डिंग. अकरा वर्षांनी माझी स्वतःची रेकॉर्ड, आणि कंपनीचा माणूस एकाच दिवसासाठी आलेला.

"नखं काप," फ्रूमाबाई म्हणाली. "अंगाला पाणी सगळीकडे लागलं पाहिजे."

"अहो, ब्रशने घासून आणलीत! उद्या वाजवायचंय मला."

"मग उद्या वाजव, नि पुन्हा कधीतरी ये. बत्तीस वर्षं बघतेय मी, जिला खरंच ज्यू व्हायचं असतं तिला नखांचं काय एवढं?"

हे मात्र जिव्हारी लागलं. कात्री हिसकावली आणि चारही कापली. बुडी मारली की फ्रूमाबाई दाराआड साक्षीला उभ्या तीन रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, बुडी बरोबर झाल्याचं ओरडून सांगायची, "कोशेर!" तीनदा ओरडली.

कपडे करून बाहेर आले. थोरले रब्बी झेल्डिन हसत म्हणाले, "माझेल टोव! अभिनंदन!" मी कापलेल्या नखांचा हात पुढे धरला. त्यांचं हसू गेलं.

"नखं का कापलीस? तुझ्या कामाची ती. स्वच्छ असली की चालतात. मला विचारायचं होतंस."

"मी विचारायचं?" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "हिला नियम माहीत नाही, तुम्ही पाच पावलांवर उभे, आणि चूक माझी?"

"बाई, आवाज खाली," फ्रूमाबाई पुटपुटली.

"चाळीस वर्षं लोक तिकीट काढून हा आवाज ऐकतात. तुम्ही फुकट ऐका!"

तिथूनच स्टुडिओत कंपनीच्या माणसाला फोन लावला, त्या चौघांसमोर. उद्या जमणार नाही म्हटलं. नखं वाढायला किती दिवस, त्याने विचारलं. चार महिने म्हटल्यावर तो म्हणाला, मग राहू दे. संपलं.

रब्बींनी सह्या केलेला कागद पुढे सरकवला. "आता तू आमची झालीस, व्हर्डेल. घरी जा, शांत हो."

"परक्याला दुखवू नका, हे तोरा या धर्मग्रंथात छत्तीस वेळा आलंय म्हणून तुम्हीच घोकून घेतलंत ना माझ्याकडून? परकी होते तेव्हा दुखवलंत. आता तुमची झाले, तर शांत हो म्हणता!"

कागद मी घेतला. माझा होता तो, कमावलेला. माफी मात्र अजून कोणीच मागितली नव्हती. मग मी दारासमोर खुर्ची ओढली आणि त्या चौघांची वाट अडवून बसले.