ओळख द्यायची नाही

नोए समोरून येताना दिसला तशी लिओनोर वळली आणि सूचनाफलकासमोर जाऊन उभी राहिली. फलकावर कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराचा फोटो होता. मांजर लाजाळू आहे, हाक मारली तर पळते, असे खाली लिहिले होते. तिने ते पुन्हा पुन्हा वाचले. मागून पावलांचा आवाज आला, जवळून गेला आणि पायऱ्या उतरत विरून गेला. मग तिने मान वळवली. मुलाची पाठ तेवढी दिसली. वाऱ्याने जाकीट फुगले होते, आणि खांदे थोडे वाकवून तो भराभर चालला होता. त्याचे केस कापायला झाले होते. पण ते त्याला सांगायची सोय नव्हती.

हे ठरले होते ऑगस्टमध्ये, टॉपनिश गावातल्या घरी, स्वयंपाकघरात. ती मक्याच्या पानांत गुंडाळून वाफवायच्या तमाल्यांचे पीठ पसरत होती आणि नोए दाराला टेकून उभा होता.

"आई, रागावणार नसशील तर एक बोलू?"

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे. बोल."

"विद्यापीठात मला हाक नको मारूस. म्हणजे वाटेत कुठे दिसलो तर. ओळख नको देऊस."

तिचा चमचा थांबला नाही.

"लाज वाटते का रे माझी?"

"तसं नाही गं. तिथे माझं सगळं वेगळं आहे. कसं सांगू तुला."

"नको सांगूस. मोठ्या माणसांत ऊठबस तुझी. मी आपली कडेकडेने जाईन."

ती हसत म्हणाली होती. तो हसला नव्हता. फक्त मान हलवून अंगणात निघून गेला होता.

खरे तर एकाच विद्यापीठात जायचे तिच्या मनात नव्हते. पण घरापासून रोज गाडीने जाऊन येण्यासारखे सरकारी विद्यापीठ तेवढे एकच होते, टेकड्यांपलीकडच्या त्या वाऱ्याच्या गावात. नोए तिथे दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीवर गेला होता. गल्लीतला विद्यापीठात गेलेला पहिला मुलगा. तो निघाला त्या दिवशी शेजारपाजारचे लोक रस्त्यावर येऊन उभे राहिले होते. लिओनोर तेव्हा दिवसा सफरचंदांच्या शेडमध्ये पट्ट्यावरून डागी फळे वेचून काढायची आणि संध्याकाळी गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जायची. तिला प्राथमिक शाळेत शिकवायचे होते. ज्या पोरांच्या घरी स्पॅनिश बोलतात आणि शाळेत गेल्यावर ज्यांचे तोंड बंद होते, त्या पोरांना.

ते कॉलेज तिचे होते. तिथे वर्गात कुणी बस चालवणारे असायचे, कुणी इस्पितळातून रात्रपाळी करून आलेले, एक मुलगी तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन गणित सोडवायची. लिओनोरसाठी खुर्ची धरून ठेवलेली असे. तरुण पोरे तिला मावशी म्हणत, आणि तिची इंग्रजी वाक्ये तपासून देण्याच्या बदल्यात तिच्या डब्यावर हक्क सांगत. शेवटच्या दिवशी त्यांनी केक कापला. शेडमधली आणि वर्गातलीही मैत्रीण योलांदा तिच्या गळ्यात पडून रडली, आणि लगेच म्हणाली, "आता तिकडे जाऊन इंग्रजीत शिंकायला लागू नकोस म्हणजे झालं."

विद्यापीठातल्या पहिल्या तासाला ती लवकर गेली होती. ती दारातून आत आली तशी पोरांची कुजबुज थांबली. त्यांनी वह्या उघडल्या, एकाने कानातले इयरफोन काढले. ती चालत मागच्या रांगेत जाऊन बसली, तेव्हा कुणीतरी हसले आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. वाईट कुणीच वागत नव्हते. दार धरून ठेवायचे, मॅम म्हणायचे. चौघाचौघांचे गट करा, असे बाईंनी सांगितले की खुर्च्या सरकायच्या, आणि खुर्च्यांचा आवाज थांबला की ती एकटी उरलेली असायची. "लिओनोरला कोण घेतंय?" असे बाईंना विचारावे लागे. तिला घेतलेल्या तिघींनी एकदा सगळे काम आपसांतच उरकले आणि तिचे नाव मात्र नीट लिहिले.

"तुम्हाला घर वगैरे असेल ना," त्यांतली केल्सी म्हणाली. "म्हटलं तुम्हाला कशाला त्रास."

"हो ना," लिओनोर म्हणाली. "थँक यू."

दुपारी ती गाडीत बसून जेवायची. वाऱ्याने गाडी हलायची, तेवढीच सोबत.

रविवारी नोएचा फोन यायचा. शनिवार-रविवारी त्याला खूप कामे असत, त्यामुळे तो घरी क्वचितच येई.

"झाल्या का मैत्रिणी?"

"झाल्या की. एक केल्सी आहे, फार बडबडी. डोकं खाते माझं."

"बरं झालं."

"आणि तुझे दोस्त? सगळ्यांना डबा पुरला का या वेळी?"

"पुरतोय कसला. तुटून पडले सगळे."

मग सोमवारी ती आणखी मोठा डबा भरायची. त्याच्या वसतिगृहाच्या दाराशी टेबलामागे एक मुलगी बसलेली असे, तिच्याकडे तो ठेवून यायची. "नोए सेपेडासाठी," एवढेच सांगायची. तुम्ही कोण, असे त्या मुलीने कधी विचारले नाही.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात तिने योलांदाला सांगितले, की आता बस झाले.

"मग सोड," योलांदा म्हणाली. "शेडमध्ये तुझी जागा आहे अजून. नवीन बाई आलीय तिला सफरचंद कुठलं आणि बटाटा कुठला, ते कळत नाही."

"खरंच सोडू?"

"मी सोड म्हटलं की तू सोडणार नाहीस, म्हणून म्हटलं."

"या वेळी सोडणार. गुरुवारी विद्यापीठातल्या सल्लागारबाईंना सांगून येते."

योलांदा म्हणाली, "नोएला सांगितलंस?"

"त्याला सुटल्यासारखं होईल गं. मी दिसले की बिचाऱ्याला तोंड फिरवून जावं लागतं. आपल्या दोस्तांबरोबर असेल, आणि मी मध्येच कुठेतरी उभी."

गुरुवारी गाडीत बसवेना इतकी थंडी होती. सल्लागारबाईंनी दुपारी बोलावले होते, आणि तोवर कुठेतरी डबा खायचा होता. भोजनगृहात ती एकदाच गेली होती, भरल्या टेबलांमधून ताट धरून फिरायचे तिच्या जिवावर आले होते. जवळच भूगर्भशास्त्राची जुनी इमारत होती. जिना खाली तळघराकडे जात होता आणि खालून उबदार हवा वर येत होती. ती अर्धा जिना उतरली आणि थांबली.

खाली लांब बोळ होता. भिंतीला गरम पाण्याचे जाड नळ, आणि दगडांचे नमुने मांडलेली काचेची कपाटे. एका कपाटासमोर बाकडे होते, त्यावर नोए बसला होता. मांडीवर तिचाच डबा. तो सवयीने, कुठेही न बघता खात होता. शेजारी बाकड्यावर त्याने बॅग ठेवली होती, जाकीट घडी करून तिच्यावर टाकले होते, आणि पाण्याची बाटली हाताशी येईल अशी नळामागे उभी केली होती. रोजच्या जागेवर माणूस बसतो तसा तो बसला होता.

कुणीतरी येणार असेल, असे तिला वाटले. ती कठड्याला धरून उभी राहिली. कुणी आले नाही. त्याने एक तमाला संपवला, दुसरा उघडला, पाने नीट घडी करून डब्याच्या झाकणात ठेवली. बोळात फक्त नळांचा आवाज होता.

तिने फोन काढला. हे करू नये असे तिला वाटत होते, पण बोटांनी लिहिलेच. *जेवलास का?*

खाली त्याचा फोन उजळला. त्याने वाचले. हात पुसले. थोडा वेळ समोरच्या दगडांकडे पाहत राहिला, मग लिहायला लागला. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

तिच्या हातात फोन थरथरला.

*जेवतोय. सगळे एकत्र बसलोय. इतका गोंधळ आहे की काही ऐकू येत नाही. नंतर बोलतो.*

त्याने फोन पालथा ठेवला आणि पुन्हा खायला लागला.

लिओनोर जिना चढून वर आली. बूट वाजू नयेत म्हणून तिने पाय अलगद टाकले. बाहेर बर्फ थांबला होता. सल्लागारबाईंच्या दारावरून ती गेली, दार उघडे होते, बाईंनी मान वर करून हसून पाहिले. तिने हात हलवला आणि पुढे गेली. दुपारच्या तासाला ती मागच्या रांगेत बसली. तासात काय झाले, ते तिला नंतर आठवेना.

घरी परतताना नदीकाठच्या रस्त्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिली. दोन वर्षे. ते मोठे डबे त्याने एकट्याने संपवले असतील, की टाकून दिले असतील? पोरांची नावे तो सांगायचा. एक उंच होता, एक विनोदी होता, एकाच्या वडिलांचे घोडे होते. ते सगळे त्याला रचावे लागले होते, दर रविवारी, तिच्यासाठी. गल्ली रस्त्यावर येऊन उभी राहिली होती त्या दिवसापासून. ऑगस्टमध्ये तो दाराला टेकून उभा होता तेव्हा त्याला कशाची लाज वाटत होती, हे आत्ता तिला कळत होते, आणि आपण तेव्हा हसलो, हे आठवून तिने डोळे मिटले.

रविवारी तो फोनवर नेहमीसारखाच बोलला. तीही बोलली. सोमवारी तिने तेवढाच मोठा डबा भरला. कमी भरला असता तर त्याने ओळखले असते.

मंगळवारी दुपारी ती तो जिना पूर्ण उतरली.

नोएने वर पाहिले. त्याचा चावताचावता थांबलेला जबडा तसाच राहिला. मग त्याने तिच्या मागे, जिन्याकडे पाहिले, जणू आणखी कुणी येणार होते.

"इथे कुणी बसलंय का?" तिने विचारले.

"नाही," तो म्हणाला.

"मी बसू?"

त्याने मान हलवली. बॅग मध्ये होती, ती तशीच राहू देऊन ती बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि आपला डबा उघडला. दोघे काही वेळ समोरच्या दगडांकडे पाहत खात राहिले. त्याचे कान लाल झाले होते.

"मी नवीन आहे इथे," ती दगडांकडेच बघत म्हणाली. "दुसऱ्या कॉलेजातून आले. तिथे बऱ्याच ओळखी होत्या. इथे अजून कुणाशी ओळख नाही झाली. पोरी चांगल्या आहेत वर्गात, पण नाही झाली. गाडीत बसून जेवायचे इतके दिवस. आता थंडी फार आहे."

नोएने डबा बाजूला ठेवला.

"आणि केल्सी?" तो हळू आवाजात म्हणाला.

"केल्सी आहे. माझ्या पुढच्या रांगेत बसते. माझ्याशी एकदाच बोलली."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले. लहानपणी शाळेच्या बसची वाट बघताना तो असा बसायचा.

वरचे दार उघडले. दोन मुले बोलत बोलत जिना उतरू लागली. लिओनोरने झटकन डब्याचे झाकण लावले आणि ती उठू लागली, तोंड दुसरीकडे करून.

"बस," नोए म्हणाला.

"अरे, येतायत कुणीतरी."

"येऊ देत. तू बस."

मुले समोरून गेली. एकाने जाता जाता दोघांकडे पाहिले, हलकेच मान तुकवली आणि ती पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली. त्यांची बोलणी बराच वेळ ऐकू येत होती. ती थांबल्यावर पुन्हा नळांचा आवाज सुरू झाल्यासारखा वाटला.

"माझं तिसरं वर्ष आहे," नोए म्हणाला.

तो पुढे काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याने दोघांच्या मधली बॅग उचलली आणि खाली, पायांपाशी ठेवली.