हेगबाईंचा समुद्र

मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि आर्डिस हेगचे शब्दच गेले. हातपाय हळूहळू वळणावर आले. पण जन्मभर तिसरीच्या मुलांना वाचायला शिकवलेल्या बाईंची जीभ मात्र ऐनवेळी दगा द्यायची. चमचा म्हणायला जावं, तर तोंडातून खिडकी यायचं. मग नवरा लोवेल तिच्या वतीने बोलू लागला. मायेनंच, पण तिनं तोंड उघडायचा अवकाश, की याचं वाक्य तयार.

जूनमध्ये गावच्या वाचनालयात उन्हाळी वाचन सुरू झालं. बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत कुणीही नाव द्यावं. यंदाचा विषय समुद्र. मिनेसोटातल्या त्या मक्याच्या मुलखात समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, पण छताला निळे कागदी मासे लोंबत होते. लोवेल तिला घेऊन आला तो एसीच्या गारव्यासाठी.

"हेगबाई, तुमचं नाव घालू ना?" ग्रंथपाल जनेलनं विचारलं. तीही बाईंचीच विद्यार्थिनी.

"अगं, तिला कुठलं आता वाचायला जमतंय," लोवेल म्हणाला. "आम्ही आपले बसतो जरा."

आर्डिसची कानशिलं तापली. तिनं समोरचं एक चित्रांचं पुस्तक उचललं आणि छातीशी धरलं.

"मोठ्यांनी जाडच पुस्तक वाचावं असा काही नियम नाही," जनेल हसून म्हणाली. "मंगळवारी या. वॉफल येतो."

वॉफल म्हणजे एक म्हातारा, जाडा लॅब्रेडोर. वाचताना अडखळणारी मुलं त्याला गोष्ट वाचून दाखवायची. तो चुका काढत नसे.

मंगळवारी आर्डिस मुलांच्या रांगेत बसली. शेजारी दात पडलेली एक मुलगी होती, टेसा.

"आजी, तुम्ही वाचायचं विसरलात?"

आर्डिसनं मान डोलावली.

"मी पण अडकते. घाबरू नका, तो झोपूनच जातो."

पाळी आली. आर्डिस निळ्या सतरंजीवर टेकली, एक हात कुत्र्याच्या पाठीवर ठेवला. "एक... मोठी... बादली होती. तिला... पिल्लू झालं."

"बादलीला पिल्लू!" टेसा खिदळली. आर्डिसलाही हसू फुटलं. वॉफलनं शेपटी आपटली.

"देवमासा, आर्डिस. देवमासा!" कपाटाआडून लोवेलचा आवाज आला.

तिनं पुस्तक मिटलं. मान वळवली.

"लोवेल, तू बाहेर जा."

सलग, स्वच्छ. तीन महिन्यांत असं वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. जनेलच्या हातातला शिक्का तसाच राहिला. लोवेल टोपी घेऊन बाहेर गेला.

घरी रात्रीच्या जेवणाला बटाटे वाढता वाढता त्याचा हात थांबला. "हाकललंस मला," तो म्हणाला आणि डोळे पुसत हसायला लागला. "काय छान हाकललंस!"

पुढे दर मंगळवारी तो बाहेरच्या बाकावर बसू लागला. जनेलनं त्याचंही नाव घालून टाकलं आणि बोटींच्या इंजिनांवरचं एक पुस्तक हातात दिलं. शाळा सुटल्यापासून त्यानं पुस्तक म्हणून धरलं नव्हतं. आत आर्डिस कधी पान, कधी दोन पानं वाचे. काही दिवस एक ओळही धड येत नसे, आणि ती तशीच कुत्र्याची पाठ खाजवत बसे. टेसा मात्र भराभर पुढे गेली.

ऑगस्टमध्ये शेवटच्या दिवशी हिरवळीवर सगळ्यांना आइसक्रीम मिळालं. आपल्या छोट्या ट्रकमधून परतताना गावाबाहेर आर्डिसनं एकदम लोवेलचं मनगट धरलं.

"थांब. मला... ते... पिवळं..."

रस्त्याकडेला ताज्या कणसांची गाडी उभी होती. लोवेलला ती केव्हाच दिसली होती. शब्द अगदी ओठांवर आला होता त्याच्या. पण त्यानं ट्रक बाजूला घेतला, इंजिन बंद केलं आणि समोर बघत बसून राहिला. मागून आलेली एक गाडी हॉर्न वाजवून निघून गेली.

"पिवळं... दाण्यांचं..." ती पुटपुटत राहिली. कपाळावर घाम आला. लोवेल हलला नाही.

"कणसं!" ती म्हणाली. "सहा कणसं घे. आणि कोवळी बघून घे, मागच्या वेळी निबर आणलीस."

"आणतो, बाई," म्हणत लोवेल खाली उतरला.